गोणीवरची दुसरी शिवण

तंबूचं तोंड जिन्याकडे ठेवायचं की पाण्याच्या टाकीकडे, यावरून गच्चीवर अर्धा तास वाद चालला होता. भोंग्याचं म्हणणं जिन्याकडे, कारण खाऊ तिकडून येतो. टाचणीचं म्हणणं टाकीकडे, कारण ऊन जिन्याकडून येतं. भोंग्याच्या धाकट्या बहिणीला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती सात वर्षांची होती आणि दादा जाईल तिथे जायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. भोंग्याला भोंगा का म्हणतात, हे आसपासच्या तीन इमारतींना ठाऊक होतं. टाचणी या दोघांची मावसबहीण, सुट्टीसाठी आलेली. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, तेव्हा तिच्या नावाचाही खुलासा नको.

तंबू गोण्यांचा होता. समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या कारखान्यात टाचणीची मावशी, म्हणजे भोंग्या-शेपटीची आई, कामाला होती. तिथे प्लॅस्टिकचा दाणा ज्या पांढऱ्या गोण्यांतून येतो, त्या रिकाम्या झाल्या की कामगार घरी नेत. मावशीने आणलेल्या बारा गोण्या उसवून, जोडून मुलांनी तंबू उभा केला होता. शेवटी तोंड टाकीकडेच झालं, कारण भोंगा दमला होता आणि टाचणी दमत नसे.

आत पडल्यापडल्या टाचणीला ते दिसलं. गोणीच्या तोंडाशी जिथे शिवण होती, तिथल्या सुईच्या भोकांतून ऊन झिरपत होतं. ठिपक्यांची एक ओळ. आणि तिच्याखाली बोटभर अंतरावर आणखी एक ओळ.

"ही गोणी दोनदा शिवलीय," टाचणी म्हणाली.

"मजबुतीसाठी असेल," भोंग्याने जांभई दिली.

"मग आत्ताच्या सगळ्या गोण्यांना दोन ओळी आहेत आणि तुझ्या सायकलवर घातलेल्या जुन्या गोणीला एकच का?"

भोंगा उठून बसला. तिघं खाली गेली, सायकलवरची गोणी उन्हात धरून पाहिली. छाप तोच, कंपनी तीच. ओळ मात्र एक.

एरवी टाचणीने याचा इतका कीस पाडला नसता. पण या वेळी घरात सुट्टीसारखं काही नव्हतंच. मावशी जेवताना घास हातात घेऊन बसून राही. महिन्यापूर्वी कोपऱ्यावरच्या वाचनालयात एका नव्या खुर्चीचा पाय काडकन मोडला आणि ग्रंथपाल आजोबा खाली पडले. त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. पाठोपाठ आणखी एकोणीस मोडक्या खुर्च्या कारखान्यात परत आल्या. सगळ्या गेल्या दोन महिन्यांतल्या.

कारखान्यात दाणा आणि रंग मिसळायचं काम बारा वर्षं मावशीकडे होतं. बिघडलेल्या खुर्च्या दळून त्यांचा चुरा करतात, तोही ती त्यात घाले, पण अगदी थोडा. चुरा वाढला की खुर्ची ठिसूळ होते. मालकीणबाईंचा संशय सरळ होता: मावशीने कंटाळा केला, मोजमाप सोडलं, चुरा ओतत सुटली. शनिवारी सगळ्यांना बोलावून त्या निर्णय देणार होत्या. निर्णय काय असणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

क्षणभर टाचणीच्याही मनात येऊन गेलं, की मावशीने खरंच तर... आणि मग तिला स्वतःचाच इतका राग आला की तिने ओठ चावला.

संध्याकाळी मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. टाचणी मदतीला बसली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मावशी, हा दाणा येतो कुठून गं?"

"जमिनीच्या पोटातून," मावशी म्हणाली. कामाचा विषय निघाला की तिचा चेहरा अजूनही उजळायचा. "खनिज तेल उपसतात ना, ते तापवून त्यातून पेट्रोल वेगळं, डिझेल वेगळं काढतात. त्यातच काही वायू निघतात. मोठ्या कारखान्यात त्या वायूचे बारीक बारीक कण एकमेकांना साखळीसारखे जोडतात, की झालं प्लॅस्टिक. ते वितळवून लांब दोऱ्या काढतात आणि तांदळाएवढे तुकडे करतात. तो आपला दाणा. बादली त्याचीच, इंजेक्शनची नळी त्याचीच, दोरखंड त्याचाच. ज्या गोणीत येतो ती गोणीसुद्धा त्याचीच विणलेली."

"आणि तो थेट तुमच्याकडे येतो?"

"थेट कसा येईल? कंपनी ट्रकच्या ट्रक विकते, आपल्याला लागतात पन्नास गोण्या. मधे दाणेवाले शेठ आहेत. कंपनीकडून ते घेतात, त्यांच्याकडून आपण." मावशीने घडी तशीच मांडीवर ठेवली. "हल्ली दाणा जरा पांढुरका वाटतो मला. पूर्वी कसा, बर्फाच्या खड्यासारखा अर्धवट आरपार दिसायचा. गोण्याही उघडत नाहीत. छाप समोर धरून उजवीकडून दोरा ओढला की अख्खी शिवण सर्रकन निघायची, आता ओढून बोटं सोलतात. स्टोअरकीपरला सांगितलं, तर म्हणाला, बाई, गोण्या तशाच आहेत, तुमचं वय झालं."

टाचणी आणि भोंगा यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"स्टोअरकीपर," रात्रीच्या जेवणानंतर भोंगा त्याच्या मते कुजबुजला. आतल्या खोलीतून मावशीने "काय रे?" म्हणून विचारलंच.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरून पहारा सुरू झाला. स्टोअरकीपरचं वागणं संशयास्पद होतं यात शंका नव्हती. रोज दुपारी एक वाजता तो गोदामात शिरे आणि आतून कडी लावी. दोनला केस सारखे करत बाहेर येई. आत तासभर तो काय करतो? गोण्या उघडतो? शिवतो? तिसऱ्या दिवशी आईचा डबा द्यायच्या निमित्ताने शेपूट कारखान्यात गेली आणि गोदामाच्या फटीला डोळा लावून आली.

"झोपलाय," तिने खबर दिली. "गोण्यांवर. घोरतोय. पोटावर वही आहे."

भोंगा हिरमुसला. इतका चांगला चोर हातचा गेला होता.

"आणि तेवढ्यात गोण्यांचा ट्रक आला," शेपूट पुढे म्हणाली. "मग तो उठला, 'किती? पन्नास? ठेवा,' म्हणाला आणि वहीत सही करून पुन्हा झोपला."

"एकही गोणी उघडून पाहिली नाही?" टाचणीने विचारलं.

"डोळेच उघडले नाहीत पुरते."

म्हणजे स्टोअरकीपर चोर नव्हता, नुसता आळशी होता. पण चोराला आळशी राखणदाराइतकं प्रिय काय असतं? गोण्या कारखान्यात यायच्या आधीच कुठेतरी उघडल्या जात होत्या. कंपनी आणि कारखाना यांच्या मधे एकच जागा उरत होती.

दाणेवाल्या शेठचं गोदाम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिघं भर दुपारी सरळ दारातून आत गेली. ही टाचणीची कल्पना. लपूनछपून जाणाऱ्यावर सगळे नजर ठेवतात, तोंड वर करून मागायला आलेल्याला फक्त हाकलतात, असं तिचं म्हणणं होतं.

"शेठकाका, रिकाम्या गोण्या आहेत का?" भोंग्याने आवाज सोडला. "आम्ही तंबू बांधलाय. त्यात सहाजण मावायला हवेत. बाजूने पडदा लावायचाय, वर पाणी गळू नये म्हणून दुहेरी छप्पर, आणि एक खिडकी..."

शेठ गोरेगोमटे, हसरे गृहस्थ होते. भोंग्याच्या तोंडाचा पट्टा चालू असताना ते मान डोलावत होते आणि टाचणी बघून घेत होती. छताला एक छोटं शिलाईचं यंत्र टांगलेलं होतं. खाली जमिनीवर उसवलेल्या दोऱ्याची कुरळी भेंडोळी पडली होती. एक माणूस छापील गोणीचं तोंड शिवत होता, पण गोणी त्याने उलटी धरली होती, छाप पलीकडे. मग शिवणीचं टोकही उलट्याच बाजूला येणार. मावशीची बोटं का सोलतात, ते टाचणीला कळलं. तिने चेहरा भोळाच ठेवला.

"छापील गोण्या नाहीत बाळांनो," शेठ म्हणाले. भोंग्याच्या आवाजाने त्यांचं डोकं उठलं असावं. त्यांनी कोपऱ्यातल्या बिनछापाच्या रिकाम्या गोण्यांकडे बोट केलं. "या कोऱ्या घ्या चार आणि पळा."

मुलांनी त्या घेतल्या आणि खरोखरच पळाली.

गच्चीवर येऊन टाचणीने कोऱ्या गोण्या झटकल्या. कोपऱ्यांत अडकलेले मूठभर दाणे निघाले, खडूसारखे पांढरेफटक. तिने ते पाण्याच्या ग्लासात टाकले. सगळे तळाला गेले. मग मावशीने आणलेल्या नव्या गोण्यांच्या कोपऱ्यांतले दाणे टाकले. काही तरंगले, काही बुडाले. शेवटी सायकलवरच्या जुन्या गोणीतले सात दाणे. सातही वर.

"मावशी," टाचणीने जिन्यातूनच विचारलं, "तुमचा दाणा पाण्यात बुडतो?"

"कधीच नाही. पाण्याहून हलका असतो तो," मावशी पदराला हात पुसत वर आली. ग्लास बघून ती तिथेच खाली बसली. बुडालेले दाणे चिमटीत घेऊन तिने नखाने दाबले. "यात खडूची भुकटी आहे. जुन्या, कसल्याकसल्या प्लॅस्टिकमध्ये भुकटी घालून केलेला हा दाणा. निम्म्याहून कमी भावाचा. याची खुर्ची मोडणार नाही तर काय होणार?" तिने दाणे परत ग्लासात टाकले. "आणि मी रोज रात्री आठवत बसायचे, की माझाच हात कधी चुकला म्हणून."

शनिवारी अकरा वाजता मालकीणबाईंच्या खोलीत मावशी उभी होती. बाजूला स्टोअरकीपर, आणि खुर्चीत दाणेवाले शेठ. आपला माल शुद्ध असल्याची ग्वाही द्यायला ते जातीने आले होते.

"कंपनीची बंद गोणी मी जशीच्या तशी पाठवतो बाई," ते सांगत होते. "पुढे मिसळताना कोण काय घालतं, त्याला मी काय करू?"

"मी मापाबाहेर काही घातलेलं नाही," मावशी म्हणाली. "माझं म्हणणं या मुलांकडून ऐका. शोध त्यांनी लावलाय."

"मुलं?" मालकीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण तोवर तिघं आत आली होती. टाचणीच्या हातात ग्लास, भोंग्याच्या खांद्यावर गोण्या, शेपटीच्या हातात पाण्याची बाटली.

टाचणीने सगळं सांगितलं. दाणे बुडाल्याचं ऐकून शेठ मोठ्याने हसले.

"अगं पोरी, पांढऱ्या रंगाचा दाणा मिसळतात ना खुर्चीला, तो बुडतोच. तोच चिकटला असेल गोणीला."

मालकीणबाईंनी मान हलवली. "ते बरोबर आहे."

भोंग्याचा चेहरा पडला. टाचणीच्या मात्र आदल्या रात्रीच हे ध्यानात आलं होतं. "म्हणून आपण न उघडलेली गोणी आणू या," ती म्हणाली. "तिच्यात तर अजून रंग पडलेला नाही."

शेठ हसायचे थांबले. "आता कशाला त्रास," ते म्हणाले, "मला जरा घाई आहे."

"बसा," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा संशय पहिल्यांदाच खुर्ची बदलत होता.

स्टोअरकीपरने गोणी आणली. मालकीणबाईंनी तिचं तोंड स्वतः खिडकीशी धरलं आणि शिवणीखालची रिकाम्या भोकांची ओळ बोटाने चाचपली. मावशीने उजवीकडून दोरा ओढला, तो घट्ट. तिने गोणी फिरवली, छाप पलीकडे केला आणि ओढला. अख्खी शिवण सर्रकन निघाली. वाटीभर दाणे ग्लासात पडले. बरेच तरंगले, आणि खाली हळूहळू पांढरा थर जमत गेला.

मालकीणबाईंनी गोणी खाली ठेवली आणि शेठकडे पाहिलं.

"माझ्या माणसांनी परस्पर काही केलं असेल," शेठ म्हणाले. घाम मात्र त्यांच्याच कपाळावर होता.

मालकीणबाईंनी दाण्याच्या कंपनीला फोन लावला. आमची गोणी एकदाच शिवली जाते, छाप समोर धरून उजवीकडून ओढली की शिवण सुटते, असं तिकडून उत्तर आलं. माणूस पाठवतो, तोवर गोण्यांना हात लावू नका, असंही. स्टोअरकीपर वहीतल्या स्वतःच्या सह्यांकडे बघत उभा होता. "तपासला" या शब्दापुढे पन्नासेक सह्या होत्या.

शेठ गेल्यावर मालकीणबाई उठून मावशीसमोर आल्या. "चूक माझी आहे. तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलंच नाही, आधीच ठरवून बसले होते. सोमवारपासून तुम्ही पाहिल्याशिवाय एकही गोणी आत येणार नाही." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही तिघांनी जे पाहिलं, ते गोण्या रोज हाताळूनही आम्हा मोठ्यांना दिसलं नाही. शाबास."

शेपटीने मान ताठ केली. भोंगा पहिल्यांदाच हळू आवाजात "थँक्यू" म्हणाला.

"बाई," मावशी म्हणाली, "मला म्हणालात ते पोचलं. पण वाचनालयातही हे सांगायला हवं. आणि त्या मालाच्या खुर्च्या कुणी बसायच्या आत परत आणायला हव्यात."

मालकीणबाईंनी किल्ल्या घेतल्या. दुपारी कारखान्याचा टेम्पो वाचनालयासमोर उभा राहिला. ग्रंथपाल आजोबा प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून टेबलाशी बसले होते. मालकीणबाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. मावशी मागे दाराशीच थांबली होती, नजर खाली.

आजोबांनी ऐकून घेतलं आणि मावशीला जवळ बोलावलं. "मी बसलोय ती खुर्ची बघा," ते म्हणाले. "तुमच्याच कारखान्याची, दहा वर्षांची. रोज बसतो. मला कुणी विचारलं असतं, तर तुमच्या हाताला दोष देणाऱ्याचं मी ऐकूनच घेतलं नसतं."

आठवडाभर सगळ्यांसमोर कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली मावशी तिथे मात्र रडली. टाचणीने तिचा हात धरला. मग सगळ्यांनी मिळून नव्या खुर्च्या एकेक करून टेम्पोत चढवल्या.