साखरपुड्याची नानकटाई

कोसबाडला जयवंतीच्या घरी ओव्हन आला आणि तिचा रविवार तिचा राहिला नाही. शेजारच्या, नात्यातल्या बायका आपापला मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या, ओसरीत गप्पा मारत बसायच्या आणि गरम डबे पदरात धरून घरी जायच्या. बाळंतिणीसाठी नाचणीची बिस्किटं, कुणाच्या वाढदिवसाला चिकूचा केक, असं काही ना काही चालूच असे. पण नाव झालं ते नानकटाईचं.

त्या नावात अर्धा वाटा तिच्या धाकट्या बहिणीचा, निलमचा होता. गोळे जयवंती वळायची आणि मधोमध अंगठा निलम दाबायची. लहानपणी भात कापताना विळा लागून निलमच्या अंगठ्यावर आडवा व्रण राहिला होता. त्यामुळे प्रत्येक नानकटाईच्या खळग्यात एक बारीक आडवी रेघ यायची. पोरं रेघवालीच मागायची.

निलमचं लग्न जयवंतीनेच जमवलं होतं. नवरामुलगा जयवंतीच्या नवऱ्याच्या, बाबल्याच्या, मावशीचा मुलगा प्रविण. तलासरीला पक्कं घर, सासू सोनीबाई बोलायला गोड. दीड वर्ष बरं चाललं. मग दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी सोनीबाईचा फोन आला की निलम वापीला कुणाबरोबर तरी निघून गेली.

जयवंतीचा विश्वास बसला नाही. तिने पोलिसांत तक्रार दिली, वापीला दोनदा जाऊन आली, निलमच्या बंद फोनवर रोज फोन लावत राहिली. बाकीच्यांचा मात्र लगेच विश्वास बसला. जातीतली चार माणसं बसली, जयवंतीच्या भावाने खाली मान घालून फारकतीच्या कागदावर सही केली आणि सगळे जेवून उठले. ते जेवण जयवंतीच्या डोक्यातून जात नव्हतं. त्या दिवशी वाटाण्याची उसळ होती आणि भावाने दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

होळी झाली आणि सोनीबाईचा परत फोन आला. प्रविणचं दुसरं ठरलं होतं. मुलगी शितल, पूर्वेकडच्या डोंगरातली. रविवारी सकाळी साखरपुडा.

"नानकटाई तुझीच पाहिजे गं जयवंती. पाहुण्यांना सांगून ठेवलंय मी."

जयवंतीने फोन बाबल्याच्या हातात दिला. त्याने "हो मावशी, करेल ना," म्हणून टाकलं.

"तुम्हाला लाज नाय वाटत?" ती म्हणाली.

"ती गेली ती गेली. त्यात मावशीचा काय दोष? नातं तोडून बसायचं का आता?"

शनिवारी दुपारी तिने तूप फेटायला घेतलं तेव्हा तिच्या मनगटात इतका जोर होता की परात ओट्यावर सरकत भिंतीला लागली. मैदा, बेसन, पिठीसाखर, वेलची. गोळे वळले. पण अंगठा दाबला नाही. ते काम निलमचं, आणि या लोकांसाठी तर तिला ते करायचंच नव्हतं. ताटात सोळा गुळगुळीत गोळे होते. ते तिने तसेच आत सरकवले.

वीस मिनिटांनी ताट बाहेर काढलं. सोळाही नानकटायांच्या मधोमध खळगा होता आणि प्रत्येक खळग्यात आडवी रेघ होती.

ती बराच वेळ बघत राहिली. हाताच्या सवयीने आपणच दाबलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा उलटा करून पाहिला. तो सपाट होता.

दुसरं ताट भरताना तिने प्रत्येक गोळा डोळ्यासमोर धरून पाहिला. ताट आत ठेवलं, स्टूल ओढलं आणि काचेसमोर बसली. आतला दिवा पिवळा जळत होता. आठेक मिनिटं नुसती उष्णता होती, तुपाचा वास होता. मग डाव्या कोपऱ्यातला पहिला गोळा मधोमध खाली गेला. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. निलम दाबायची तशीच, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की पुढची ओळ. शेवटच्या गोळ्यावर इतका जोर पडला की तो ताटापर्यंत फाटला.

जयवंतीला भीतीच्या आधी राग आला. आपल्याला चार महिने वेड्यात काढणाऱ्या प्रत्येक माणसाचा राग.

"कुठे आहेस?" ती काचेला म्हणाली. "बोल ना गं. कुठे आहेस?"

ओव्हनची घंटी वाजली, तेवढंच.

उरलेलं पीठ सकाळी भाजायचं होतं, तर रविवारी पहाटेपासून वीज गेलेली. बाबल्याने तोडगा काढला. ओव्हन आणि पिठाचा डबा रिक्षात घालू, मावशीकडे ताजीच भाजून देऊ. जयवंती तयार झाली. तो चकित झाला आणि रिक्षा आणायला गेला.

तलासरीच्या घरी मांडव घातला होता. सोनीबाईने जयवंतीच्या गालावरून हात फिरवला आणि तिला मागच्या दारी नेलं. तिथे धुण्यासाठी सिमेंटचा लांबरुंद ओटा होता आणि त्याच्या वर भिंतीत प्लग.

"इथेच लाव तुझी भट्टी. आतले प्लग मांडवाला लागलेत."

शितल मदतीला आली. वीस-एकवीस वर्षांची असेल, नव्या साडीचा पदर सारखा सावरणारी. "मला शिकवाल ताई?" तिने विचारलं. तिच्यावर रागावणं जयवंतीला जमलं नाही. दोघींनी गोळे वळले, ताट ओट्यावर ठेवून एकेक मांडला. ऊन चांगलं पडलं होतं. मांडवातून माणसांचं हसणं ऐकू येत होतं.

जयवंती ताटाकडे डोळे लावून बसली. वरून काहीच होत नव्हतं. सोळाही गोळे गुळगुळीत राहिले.

"एक बाजूला चिकटलाय वाटतं," शितल म्हणाली आणि तिने कोपऱ्यातला गोळा उचलला. तो उचलून ती तशीच थांबली. "ताई, हे असंच असतं का?"

गोळ्याच्या खालच्या बाजूला खळगा होता.

जयवंतीने दुसरा उचलला. तिसरा. सगळे उलटे केले. सगळ्यांना खालून दाबलेलं होतं, आणि सगळ्यांत रेघ होती.

तिने ताट उचललं. ताट धड होतं. त्याच्याखाली सिमेंट होतं. कोरडं, उन्हाने तापलेलं.

"मावशी!" तिने हाक मारली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "हा ओटा कधी बांधलात?"

सोनीबाई दारात आली. "दिवाळीनंतर. का गं?"

"दिवाळीनंतर कधी?"

सोनीबाईने मागे वळून पाहिलं. तिच्या मागे प्रविण येऊन उभा राहिला, कपाळाला टिळा लावलेला. जयवंतीने एक गोळा तळहातावर उलटा धरला आणि हात त्याच्यासमोर नेला. त्याने पाहिलं. त्याच्या ओठांवरचा रंग हळूहळू गेला.

"हिला बाहेर काढा," तो म्हणाला. "वेडी आहे ही."

मांडवाच्या खुंट्यांसाठी आणलेली पहार कुंपणाला टेकवून ठेवली होती. जयवंतीने ती घेतली. पहिला घाव बसला तेव्हा बाबल्या धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला.

"सोडा," ती म्हणाली. "आज सोडा, नायतर जन्मात माझ्या अंगाला हात लावू नका."

त्याने सोडला.

प्रविण पहारीला झोंबायला पुढे झाला, तेवढ्यात शितलचा बाप, जिव्या, मध्ये आला. डोंगरातला साधा शेतकरी, साखरपुड्यासाठी घेतलेली पांढरी टोपी घातलेला. त्याने मुलीच्या हातातला गोळा घेतला, उलटून पाहिला आणि काळजीपूर्वक ताटात ठेवला.

"ओटाच आहे ना?" तो प्रविणला म्हणाला. "मी गवंडीकामही करतो. संध्याकाळपर्यंत परत बांधून देतो. फोडू दे तिला."

प्रविण मागे सरला.

जयवंती मारत राहिली. भावाच्या सहीसाठी एक घाव, त्या उसळीसाठी एक, आपण जमवलेल्या लग्नासाठी एक. हाताची साल निघाली. सिमेंटचा पहिला तुकडा उचकटला तसा जिव्याही खाली बसून तुकडे बाजूला करू लागला.

प्रविण पुढच्या दाराने निघाला. मांडवातल्या माणसांनी त्याला फाटकाशी धरून बसवलं.

सोनीबाई भिंतीला पाठ लावून खाली सरकली. "मी नुसतं पाणी मारलं," ती म्हणत होती. "रोज पाणी मारलं फक्त. बांधला त्याने."

हातभर मातीखाली हिरव्या साडीचा काठ दिसला.

जयवंतीने पहार टाकली.

पोलीस दुपारी आले. मांडवातल्या दोन माणसांना पंच म्हणून उभं केलं, मागचं अंगण दोरीने बंद केलं आणि प्रविणला, सोनीबाईला गाडीत बसवलं. जयवंतीने साडी ओळखली, जोडवी ओळखली. ती रडली नाही. सगळे पाहुणे निघून गेले तरी शितल तिच्याजवळ बसून होती, बाप चल म्हणाला तरी उठली नाही.

ऊन उतरता उतरता हवालदाराने पंचनामा वाचून दाखवला. वयस्क माणूस होता, एका सुरात वाचत होता. हिरवी सुती साडी. पायांत चांदीची जोडवी, दोन. गळा मोकळा, मंगळसूत्र नाही. मृत्यूला अंदाजे चार महिने. मग तो थांबला, चष्मा वर केला आणि उरलेली ओळ आधी स्वतःशी वाचली.

"उजव्या हाताच्या नखांत मळलेलं पीठ," तो म्हणाला. "ओलं."

दोन्ही पंच जमिनीकडे बघत होते. हवालदाराने पेन काढलं आणि शेवटचा शब्द खोडला. आत, दोरीपलीकडे, एकदा बघून आला. मग खोडलेल्या शब्दाच्या वर, नीट अक्षरात, तोच शब्द पुन्हा लिहिला.