मंगळाचा होकार

बारापर्यंत तहाला मंगळाचा होकार आला नाही, तर पृथ्वी तोफा डागणार होती. होकार दहा दिवसांपूर्वीच धाडलाय, असं मंगळ शपथेवर सांगत होता. होकाराचं पत्र पनवेलच्या आंतरग्रह कार्यालयातून गायब झालं होतं. एवढं मोठं कार्यालय पनवेलला का? मुंबईत जागा नव्हती.

साडेअकराला दक्षता अधिकारी किशोरी घरत पोचल्या.

"चोरी आहे. हेरगिरी!" उपसंचालक हरेश पाटील म्हणाले.

किशोरीताईंनी आवक नोंदवही उघडली. पानामागून पान एकाच वळणदार अक्षरात. मंगळाच्या पत्राची नोंद तेवढी वाकडी.

"ही कुणाची?"

"माझी," शिपाई विठू म्हणाला. "काशिरामभाऊंनी सांगितलं, 'तू लिही.'"

काशिराम गव्हाणचा, तीस वर्षं आवक कारकून. त्याच्या टेबलाच्या काचेखाली मुलाचा फोटो होता. प्रणित, मंगळाच्या तळावर, हसणारा.

"भाऊ, आजवर दुसऱ्याला नोंद करू दिलीत?"

"नाय, बाय. पयल्यांदाच."

"पत्रावर सही कुणाची होती?"

काशिरामनं काचेखालच्या फोटोवर हात ठेवला.

किशोरीताईंनी हरेशसाहेबांचा ट्रे उपसला. तळाशी एक अर्ज सापडला.

"चोरी नाही, साहेब. मंगळातर्फे सही प्रणितची. नातेवाइकाच्या कागदाला कारकुनानं हात लावायचा नाही, हा आपला नियम. म्हणून यांनी नोंद विठूकडून करवली, पत्र सीलबंद करून कपाटात ठेवलं, आणि 'दुसरा माणूस नेमा' असा अर्ज तुम्हाला दिला. त्यावर तुमचा शेरा: 'चर्चा करावी.' दहा दिवस झाले. चर्चा कधी केलीत?"

"मी दौऱ्यावर होतो," हरेशसाहेब पुटपुटले.

"भाऊ, सकाळपासून सगळे शोधताहेत. बोलला का नाहीत?"

"सायबांनी चर्चा लिवली हुती. त्याआधी कसा बोलू? पोरासाठी बाप पुढं पुढं करतो, असं कोन बोललं तर?"

किशोरीताई कपाटाकडे धावल्या. हरेशसाहेब आडवे आले. "थांबा! दुसरा कारकून नेमल्याशिवाय सील फोडता येणार नाही." आणि ते नेमणुकीचा आदेश सांगू लागले. विठू टंकत होता. दुसऱ्या परिच्छेदाला बारा वाजले.

टीव्हीवर पहिली बातमी आली. मारा अचूक झाला होता. प्रणितचा तळ उरला नव्हता.

मग काशिराम उठला. कमरेची किल्ली काढून त्यानं कपाट उघडलं, लिफाफा दोन्ही हातांनी उचलला.

"आता मी हात लावला तर चालंल ना, सायेब?" तो म्हणाला. "आता माजं कोन नाय तिकडं."