आवडीला ‘येते’ म्हटलं होतं

मी सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं. भुताच्या गोष्टी सांगून पोरांना घाबरवणाऱ्यांना मीच रागवायचे. तेव्हा पुढचं काही मी रचलेलं नाही, एवढं धरून वाचा.

तारीख चौदा मे २०२३. दुपारचे सव्वाबारा. जागा मॉरिशस.

आम्ही कर्जतजवळच्या कडावचे. माझी नात दर्शना मुंबईत नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. तिनेच टूम काढली.

"आजी, ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. आणि तिथे मराठी माणसं आहेत गं, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. चल ना!"

मी बहात्तर वर्षांची. तरी गेले.

पाच दिवस मजेत गेले. धबधबे पाहिले. रानातून चाललो. एका घरी ‘झाकरी’ नाच पाहिला, तर ती आपलीच जाखडी! माझे डोळे भरून आले.

सहाव्या दिवशी गजा आम्हाला उसाच्या शेतात घेऊन गेला. गजा आमचा वाटाड्या, तिथलाच मराठी. बोलणं तुटक, पण माणूस गोड. उसाच्या मधोमध जमिनीत एक काळं तोंड उघडं होतं.

"आजी, लाव्हा वाहिला. वरून थंड झाला, आतून निघून गेला. बोगदा राहिला. दोनशे पावलं. इकडून आत, तिकडून बाहेर. चुकायला दुसरी वाटच नाही."

"आणि हिचे गुडघे?" दर्शना म्हणाली.

"माझे गुडघे घाटातले आहेत," मी म्हटलं. "तुझे लिफ्टमधले."

गजा बॅटरी घेऊन पुढे. त्याच्यामागे मी, शेवटी दर्शना. आत पाकोळ्या पक्ष्यांची घरटी होती. अंधारात त्यांची टिकटिक सतत चालू.

भिंतीचा दगड काळा, खडबडीत. आमच्या घाटातला दगड असाच. माझे वडील धर्माजी ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन होते. नऊ वर्षांची होईपर्यंत मी घाटातल्या बोगद्यांशेजारीच वाढले. तो थंड, ओला वास मी विसरले नव्हते.

तोच वास आला.

आणि टिकटिक... थांबली.

सगळीच. एकदम.

समोर गजाची बॅटरी दिसेना.

"गजा!" दर्शनाने हाक मारली.

उत्तर नाही. हाकेचा पडसादसुद्धा नाही.

मोबाईलच्या उजेडात आम्ही पुढे निघालो. मी पावलं मोजत होते. दोनशे... तीनशे... साडेचारशे. बाहेर पडायचं तोंड येईना. मागे फिरलो. सहाशे पावलं झाली. आत शिरलो ते तोंडही नव्हतं.

वाट एकच. आणि ती संपत नव्हती.

"आजी, हे बघ. कुणीतरी मुद्दाम कोरलंय."

भिंतीत एक कोनाडा होता. माणूस उभा राहील एवढा.

मी ओळखला. गाडी आली की गँगमन अंग चोरून उभे राहतात, तो कोनाडा. मी भिंतीला हात लावला. बोटं काळी झाली... काजळी. जुन्या इंजिनांची.

उसाच्या शेताखाली, समुद्रापार.

"कवा आलीस गं?"

आवाज कोनाड्यातून आला. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

दर्शनाचा जीव भांड्यात पडला. "आजी, इथली मराठी मुलगी! अगं बाळा, बाहेर जायची वाट कुठाय?"

मुलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"येते म्हणाली व्हतीस."

मी खाली वाकून तिचं तोंड पाहिलं.

ती आवडी होती. ठाकुरवाडीची माझी एकुलती एक मैत्रीण. वडिलांची कर्जतला बदली झाली, तेव्हा ती बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. मी हात हलवून म्हटलं होतं, "येते गं." आपण सगळेच म्हणतो. ‘जाते’ म्हटलं असतं तर आईने तोंडावर हात ठेवला असता.

मी परत गेलेच नाही.

दोन वर्षांनी आईने सांगितलं. आवडी रोज तिथे येऊन बसायची. एका श्रावणात दरड कोसळली. पोर सापडली नाही.

"किती गं वाट बघायची?" ती म्हणाली.

मोबाईलचा उजेड मंद होत चालला होता. दर्शनाची बोटं माझ्या दंडात रुतली होती. माझं काय, माझं झालं सगळं जगून. पण या पोरीने काय केलं होतं?

"आवडी," मी म्हटलं, "मी जाते गं. वाट बघू नको. जाते."

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी कुणाचा निरोप घेताना उच्चारला.

आधी काहीच नाही.

मग... टिक.

मग सगळ्या पाकोळ्या. वीस पावलांवर ऊन दिसलं.

बाहेर गजा दगडावर बसून ऊस चावत होता.

"कुठे गेला होतास रे?" दर्शना ओरडली.

"मी? मी इथून हाका मारतो. तुम्ही उत्तर देता. ‘येते, येते.’ लहान मुलीचा आवाज काढून. मला वाटलं, आजी मस्करी करते."

आम्ही त्याची एकही हाक ऐकली नव्हती.

गाडीत बसल्यावर दर्शनाने बुटांवरची माती झटकली. मग म्हणाली, "तू तिच्याशी नीट बोलली नाहीस, आजी. ‘जाते’ काय म्हणायचं कुणाला? रडवेली झाली ती."

"मग?"

"मग काय. निघताना मी म्हटलं तिला, येते हं."

आवडी कोण, हे मी दर्शनाला कधीच सांगितलं नाही. विषय निघाला की टाळायचे. वाटायचं, समुद्रापारचं तिथेच राहील.

काल ती कडावला आली. रविवारी घाटात जाणार म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"एकटीच. मैत्रीण आहे तिथे एक. रोज विचारते, कवा येशील म्हणून."

कवा. माझी मुंबईची नात ‘कवा’ म्हणाली.

तिने चहाचा कप खाली ठेवला. पांढऱ्या कपावर बोटांचे काळे ठसे होते.

आज शुक्रवार आहे. उद्या सकाळी, दर्शनाच्या आधी, मी ठाकुरवाडीला निघणार. शब्द माझा होता, मीच पाळायला हवा होता.

पिशवी भरून झाली. दर्शना आत झोपलीय. सकाळी ती मला सोडायला दारापर्यंत येईल, नेहमीसारखी.

उंबऱ्यावरून तिला काय म्हणून निघायचं... येते, की जाते...

ते अजून ठरत नाही.