मापाचं बोट

पाऱ्याचा बल्ब हवाय ना? देतो. पण शटर अर्धं ओढा, त्या बाकावर टेका, आणि न्हावऱ्याच्या मुजीबचं काय झालं ते ऐकून मग दौंडच्या माळाला जायचं की नाही ते ठरवा. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यानं मला सांगितलं. मुजीब खोटं बोलतो तेव्हा खाली बघून बोलतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी तो माझ्याकडं बघून बोलला.

गेल्या सप्टेंबरची एकवीस तारीख, रविवार. दुपारी चारच्या सुमारास तो याच काउंटरवर आला. न्हावऱ्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. हा बल्ब हल्ली कुणी विचारत नाही, माझ्याकडं दोनच पडून होते; एक त्यानं नेला.

"परत पतंगांमागं?" मी विचारलं.

"शेवटचंच मामा. एक काम राह्यलंय."

कसलं काम, ते कळायला थोडं मागं जावं लागेल. ते तिघे दोस्त होते. मुजीब, विश्वजीत आणि नवनाथ. माळावर पांढरी चादर बांधायची, तिच्यापुढं बल्ब टांगायचा, आणि उजेडाला येऊन चादरीवर बसतील त्या पतंगांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नाद. विश्वजीत इथं कॉलेजात शिकवतो. घरचा बागायतदार, त्यामुळं बोलणं हुकमाचं. नवनाथ कंपनीत प्रेस मशीनवर होता. एकदा त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट प्रेसखाली सापडलं. नख गेलं, पेरावर आडवा व्रण राहिला. तेच बोट तो पतंगाशेजारी धरायचा. पतंग केवढा ते फोटोत कळायला शेजारी माप लागतं, आणि नवनाथचा हात कधी कापत नसे.

त्यांचा नियम एकच. चांगला पतंग बसला की फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

त्याच्या आदल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. चंद्र नसला की पतंग जास्त येतात, म्हणून हे लोक अमावस्याच धरतात. दौंडकडच्या राखीव रानात चादर बांधलेली. रात्री अकरा वीसला एक पतंग आला, तिघांनीही कधी न पाहिलेला. दिसला आधी नवनाथला. त्यानं बोट धरलं, विश्वजीतनं कॅमेरा लावला. एवढ्यात नवनाथ हळूच म्हणाला, "पायाला कायतरी चावलं रे."

"हलू नको," विश्वजीत म्हणाला.

मुजीबनं ते ऐकलं. तोही गप्प राहिला.

चाळीस मिनिटं नवनाथ तसाच उभा होता. मण्यार होती ती. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा, दुखत नाही फारसा. पतंग उडाला तेव्हा नवनाथच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. दौंडला पोचेपर्यंत पोरगा गेला.

सापावर माझा राग नाही. माळावर साप असणारच. राग आहे तो त्या फोटोचा. विश्वजीतनं फोटोतलं बोट कापून टाकलं आणि पतंग स्वतःच्या नावावर इंटरनेटवर चढवला. मोठमोठ्या लोकांनी वाहवा केली. नवनाथची आई, अनसाबाई, मुजीबला सारखी म्हणायची, "पाखरू माझ्या पोराला दिसलं व्हतं न्हवं? मग त्याचं नाव लिव्हा की बाबा तिथं." तिला सांगितलं होतं, चावल्याबरोबर गाडीवर घातला. ते सांगणारा मुजीबच. खाली बघून.

तर त्याचं राहिलेलं काम हे. विश्वजीतला त्याच पतंगाचा आणखी एक फोटो हवा होता. मुजीबला नवनाथचं नाव हवं होतं. दोघे त्याच जागी गेले, आणि चादर बांधून झाल्यावर मुजीबनं विषय काढला.

"नाव लाव त्याचं. तेवढंच मागतीय म्हातारी."

"लावलं तर मूळ फोटो मागतील," विश्वजीत म्हणाला. "बोट दिसंल. फोटोवर टाइम दिसंल. मग कुणीतरी दवाखान्याचा टाइम बघंल. तवा अनसामावशीला तू काय सांगणार?"

दोघांनी डबे उघडले आणि खाल्लं. त्या रात्रीही सर्वपित्रीच होती. मुजीबला ते माहीत नव्हतं. विश्वजीतला माहीत होतं, पण त्याला फक्त अंधार हवा होता.

अकराच्या पुढं वारा सुटला. चादरीची मागची दोरी सैल झाली, म्हणून मुजीब चादरीच्या मागं गेला आणि खुंटीपाशी खाली बसला. तेवढ्यात चादरीवर काहीतरी टपकन बसलं. उजेड पलीकडं असल्यामुळं त्याला मागून पंखांची सावली स्वच्छ दिसली.

तोच पतंग.

पलीकडून विश्वजीत कुजबुजला, "बोट धर."

मुजीब उठणार, तोच...

चादरीवर दुसरी सावली आली. पंजाची. पहिलं बोट पुढं.

"थोडं खाली. हां. हलू नको."

कॅमेरा वाजला. एकदा. दोनदा. विश्वजीतचा डोळा कॅमेऱ्याला. त्याला दिसत होता पतंग, आणि बोटाचं टोक. बस.

खुंटी हातात धरूनच मुजीब म्हणाला, "विश्वजीत... मी हिकडं हाय. मागं."

कॅमेरा थांबला.



"विश्वजीत?"

जनरेटरची घरघर तेवढी. मग विश्वजीतचा आवाज आला, पोरासारखा बारीक.

"हलू... नको."

कुणाला म्हणाला, कोण जाणे.

सावली हलली नाही. नवनाथ सांगितलेलं ऐकणारा होता. पतंग बसून होता तोवर तीही तशीच. मुजीबनं घड्याळात पाहिलं. अकरा वीस. मग साडेअकरा. पावणेबारा... बाराला पतंग उडाला.

चादर कोरी.

विश्वजीतनं पलीकडं काय पाहिलं ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मुजीबच्या हातावर ठेवलं आणि गाडीला किक मारली. पतंगावर अजून त्याचंच नाव आहे. बघायचं तर बघा मोबाइलवर, लाज वाटायला हवी होती त्याला.

मुजीब मात्र सकाळी थेट अनसाबाईच्या दारात गेला आणि सगळं बोलला. चाळीस मिनिटंसुद्धा. तिनं दोन थोबाडीत द्याव्यात असं त्याला वाटत होतं. तिनं शिवीही दिली नाही. "दोन्ही फोटू दाव," एवढंच म्हणाली.

मुजीबनं कार्ड मोबाइलला जोडलं. आधी आदल्या वर्षीचा, न कापलेला, त्याच कार्डात राहिलेला. पेरावर आडवा व्रण. नख कुठं नुकतं मुळाशी फुटलेलं.

मग कालचा. तारीख एकवीस सप्टेंबर, अकरा वीस. तोच पतंग. तोच व्रण.

म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. काचेवरून अंगठा फिरवत राहिली.

"मुजीब," ती म्हणाली, "नख आलंय की रे त्याचं. सगळं."