बिनखळीचं कापड

संक्रांत जवळ आली होती. आईने कुटलेल्या तिळाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबनरावकाकाच्या घरी नेऊन दे वं. अन् गुलाबले संगं ने, नाहीतर येताना भेशीन."

गुलाब माझा धाकटा भाऊ. मी अंधाराला भिते हे त्याने शाळेतसुद्धा सांगून ठेवलं आहे.

आमची गल्ली तांडापेठेतली. घरोघरी माग आहेत. दिवसभर खटखट चालते आणि दिवेलागणीला एकेक माग थांबत जातो. बाबनरावकाकांकडे जाताना गोपिकाबाईंचं घर लागतं. त्या एकट्या राहतात आणि विड्या वळतात. रोजच्यासारखं त्या अंगणातल्या दोरीवरून ते मोठं पांढरं कापड काढत होत्या. ते इतकं मोठं आहे की त्यांचे दोन्ही हात भरतात. त्यांनी घडी घातली नाही. नुसता बोळा करून छातीशी धरला आणि आत गेल्या. मंडपवाल्याचं कापड असेल, असं गुलाब नेहमी म्हणतो.

बाबनरावकाका ओट्यावर शेगडी घेऊन बसले होते. गल्लीतली चारदोन पोरं आधीच जमली होती. खांबावरचा दिवा गेला होता, म्हणून कोणाला घरी जायची घाई नव्हती. तेवढ्यात एक विमान डोक्यावरून सोनेगावकडे गेलं. गुलाब मान वर करून म्हणाला, "मी मोठा झाल्यावर विमान चालवीन. उलटं."

"अबे, तू आधी सायकल सुलटी चालव," कोणीतरी म्हणालं.

काका हसले नाहीत. "उलटं चालवणारे मी पाह्यले गा," ते म्हणाले. मग बराच वेळ शेगडीतले निखारे सारखे करत बसले. "भैयाजी माझा दोस्त होता. आता उमरेडले राह्यते. त्याच्यावर गुजरलेली गोष्ट हाय. ज्याले खोटी वाटन, त्यानं आत्ताच घरी जावं."

कोणीच उठलं नाही.

---

सन चोपन्नचा जानेवारी. अकरा तारीख, सोमवार. संध्याकाळी जागेश्वरने आपल्या भाच्याला, म्हणजे भैयाजीला, हाक मारली. जागेश्वर म्हणजे गोपिकाबाईंचे वडील. आता ते नाहीत. गल्लीत त्यांच्याइतकं एकसारखं सूत कोणी लावत नसे.

"भैया, सोनेगावले जाऊन ये," जागेश्वर म्हणाला. "जवाईबापूचं कापड तिथं पडून हाय. ते घेऊन ये."

"कायले पाह्यजे मामा आता ते?"

"मले त्याची घडी पाह्याची हाय. पोराचं काय चुकलं, ते मले समजन."

भैयाजीने सायकल काढली.

जवाईबापू म्हणजे गोपिकाबाईंचा नवरा, शालिकराम. पारशिवनीचा. लढाईत तो छत्रीने विमानातून उड्या मारायला शिकला होता. लढाई संपली आणि त्या कामाला गिऱ्हाईक उरलं नाही. मग तो हवाई खेळवाल्यांमध्ये गेला. दोन पंख एकावर एक असलेली जुनी विमानं होती त्यांची. गावोगाव जायचे, मोकळं मैदान पाहायचे आणि खेळ लावायचे. विमान आकाशात कोलांट्या घ्यायचं. एक माणूस उडत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहायचा आणि टोपी काढून खालच्यांना सलाम करायचा. त्यांचा कप्तान विमान पाठीवर उलटं करून इतकं खाली आणायचा की पंखाच्या टोकाने काठीवरचा रुमाल उचलून न्यायचा.

शालिकरामची पाळी सगळ्यात शेवटी. तो पिठाची पिशवी कमरेला बांधून उडी टाकायचा. पिशवीतून पांढरी रेघ आकाशात सांडत यायची. तो पडत राहायचा, पडत राहायचा. छत्री मुद्दाम उघडायचा नाही. बायका डोळे झाकायच्या. आणि अगदी खाली आल्यावर छत्री उघडायची. त्या एका क्षणासाठी लोक तिकीट काढायचे.

गोपिकाबाईंचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. लग्नानंतरची पहिली संक्रांत. जागेश्वरच्या मागावर तिच्यासाठी काळी चंद्रकळा चढली होती. त्याच आठवड्यात खेळ नागपूरला आला. शालिकराम सासऱ्याकडे आला तो छत्री घेऊनच. भंडाऱ्याच्या खेळात ती तळ्याकाठच्या गाळात पडली होती.

"मामाजी, एवढी धुऊन वाळवून द्या. बाकी काही करू नका."

जागेश्वरने ती धुतली. वाळवली. मग तांदळाच्या पेजेची खळ केली आणि ते सगळं कापड खळीतून काढलं.

गोपिका हसली. "बाबा, त्याले खळ कायले लावता? धोतर हाय का ते?"

"जवायाच्या डोक्यावर राह्यते ते कापड," जागेश्वर म्हणाला. "त्याले मी बिनखळीचं देऊ?"

इथे काका थांबले. आम्हाला काही सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत कोष्ट्याच्या घरातून बिनखळीचं कापड एकाच कामासाठी जातं, मयतीच्या. ते नेणारा मागे वळून पाहत नाही आणि घरात कोणी त्याची किंमत विचारत नाही.

शनिवारी रात्री भैयाजीच ते कापड घेऊन सोनेगावला गेला होता. शालिकराम तंबूत कंदील लावून बसला होता. त्याने कापडाचा पदर दोन बोटांत धरून चोळला. हसला.

"मामाजीनं तर पार कागद करून देल्ला गा."

मग त्याने पुन्हा चोळलं. या वेळी हसला नाही.

"मी आत्ता धुऊन आणतो," भैयाजी म्हणाला.

"वाळन नाही. दव पडून राह्यलं."

"मंग उद्या उडू नका, जवाईबापू."

"भिंतीभिंतीवर खेळाचे कागद लागले ना गा. अन् मामाजी येणार हायेत पाह्याले. त्याहीले काय सांगू? तुम्ही लावलेल्या खळीच्यानं उडलो नाही म्हणून?"

त्याने कापड तंबूभर पसरलं आणि लांब लांब उभ्या घड्या घालायला लागला. भैयाजी हात लावायला गेला, तेव्हा त्याने त्याचा हात बाजूला केला. "ज्याची उडी, त्याचीच घडी. दुसऱ्यानं हात लावाचा नाही."

भैयाजी निघाला, तेव्हा शालिकराम तंबूच्या दारापर्यंत आला.

"घरी बोलू नको गा."

रविवारी अर्धं नागपूर सोनेगावच्या मैदानावर होतं. कोलांट्या झाल्या. पंखावरचा माणूस झाला. रुमाल झाला. मग वर, खूप वर, एक ठिपका विमानापासून सुटला. पांढरी रेघ खाली येऊ लागली. लोक ओरडायला लागले. रेघ येत राहिली. जागेश्वर शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, "आमचा जवाई हाय तो. आता पाहा. आता उघडन."

लोक टाळ्या वाजवत होते. रेघ जमिनीला लागली तरी काही जण वाजवत होते.

खेळवाले म्हणाले, घडी चुकली. घडी त्याची त्यानेच घातली होती. जागेश्वरला ते पटलं. रात्रभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिला. पोराची घडी चुकली. घडी चुकली हो पोराची.

भैयाजी ऐकत होता.

---

सोमवारी सकाळी शालिकरामला घाटावर नेलं. आणि संध्याकाळी भैयाजी सोनेगावला पोचला तेव्हा मैदान रिकामं होतं. खेळवाले निघून गेले होते. चौकीदाराने गाठोडं दिलं आणि तोंड फिरवलं.

भैयाजीला एकच दिसत होतं. मामाची बोटं. सगळा जन्म सुतावर गेलेली बोटं. या कापडाला ती लागली की सांगायला कोणी लागणार नव्हतं. दोन थर एकमेकांना पापडासारखे चिकटलेले होते. शनिवारच्या दवाने ओलसर झालेली खळ घडीतच वाळली होती... आणि तशीच धरून बसली होती. मामाला ते कळलं, तर मामा उरणार नव्हता.

म्हणून तो घरी गेला नाही. रस्त्यात वेळ काढत राहिला. इतवारीतली दुकानं बंद होईपर्यंत एका ओट्यावर बसून राहिला. गल्ली निजल्यावर तो नाईक तलावावर आला. आम्ही सूत धुतो, त्याच दगडांवर.

चंद्र अर्धा होता आणि बुडायला आला होता. थंडी अशी की पाण्यात हात घातला तर हात आहे की नाही ते कळत नव्हतं. तो एकेक थर सोडवत गेला. चरचर आवाज होत होता. पेज पाण्यात पांढरी पसरत होती. त्याने कापड आपटलं, बुचकळलं, पुन्हा आपटलं. डोक्यावरून रात्रीची टपालाची विमानं गेली. एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून. मग तीही उतरली. मग काहीच आवाज राहिला नाही.

चंद्र बुडाला.

कापड आता मऊ झालं होतं. पिळायचं राहिलं होतं. एवढं कापड एकट्याने पिळता येत नाही. दोघं लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोघांनी उलट्या अंगाने पीळ द्यायचा. भैयाजीने विचार केला, दुसरं टोक दगडाखाली दाबावं. त्याने कापड लांबवलं. आपलं टोक हातात घेतलं. दगड शोधायला वळला...

कापड ताणलं गेलं.

त्याला वाटलं, कशात तरी अडकलं.

त्याने ओढून पाहिलं. ते सैल झालं नाही. ओढलं तेवढंच पुढे आलं आणि थांबलं. धरलेलं कापड जसं येतं, तसं.

मग हळूच पीळ पडायला लागला.

त्या टोकाने.

एक वळसा... आणखी एक... पाणी दगडावर गळायला लागलं. भैयाजीचे हात आपोआप उलटे फिरले. कोष्ट्याचे हात ते. समोरून पीळ आला की फिरतात. त्याला ते थांबवता आले नाहीत.

समोर काळोख. पाणी. पाण्याच्या काठाला काहीच उभं नाही.

"जवाईबापू..."

...

पाणी गळत राहिलं.

"मी घरी नाही बोललो. कोणालेच नाही."

...

पीळ घट्ट झाला. पुरता. मग थांबला. पिळून झालं की एक जण थांबतो आणि दुसरा आपलं टोक सोडतो. तसंच.

भैयाजीने टोक सोडलं.

तिकडचं टोक पडल्याचा आवाज आला नाही. ते कोणीतरी दगडावर... ठेवलं.

---

काका बोलायचे थांबले. त्यांच्या हातातली विडी कधीच विझली होती. गुलाबने माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

"मंग?" शेवटी कोणीतरी विचारलं.

मग भैयाजी कसा घरी आला, ते त्याचं त्याला आठवत नव्हतं. जागेश्वर कंदील घेऊन दारात बसला होता. आत मागावर चंद्रकळा होती, अर्धी विणलेली. तिच्यावर गोपिकाच्या आईने कांबळं टाकलं होतं.

जागेश्वरने गाठोडं मांडीवर घेतलं. पदर काढला. दोन बोटांत धरून चोळला.

एवढंच.

"खळ कोणं काढली?"

भैयाजीने आपले हात मागे नेले.

"कायले काढली, भैया?"

भैयाजीला वाटलं होतं, कडक कापड सांगेल. मऊ कापड सांगेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"त्यानं हात लावून पाह्यला होता?" जागेश्वरने विचारलं. "बांधाच्या आधी?"

भैयाजीने खाली पाहिलं.

"काही म्हणे?"

भैयाजीने कंदिलाची वात खाली केली.

"माह्यासाठी उडला," जागेश्वर म्हणाला. मोठ्याने नाही. वहीतलं वाचावं तसं.

त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही. कुठल्याच विषयावर फारसा बोलला नाही. चंद्रकळा कापून मागावरून उतरवली, माग विकला, आणि दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. गोपिकाच्या आईने आधीच अंथरूण धरलं होतं. तीही टिकली नाही.

"पण त्या रात्रीचं राह्यलं," काका म्हणाले.

त्या रात्री जागेश्वरने ते ओलं कापड दोरीवर नुसतं फेकलं. नीट पसरण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. दोघं तिथेच ओट्यावर बसले. पहाटे कधीतरी डोळा लागला. उजाडलं, तेव्हा दोरी रिकामी होती. कापड अंगणात जमिनीवर होतं. वाळलेलं. त्या थंडीत, त्या दवात. आणि लांब लांब उभ्या घड्या घातलेलं. छत्रीच्या दोऱ्या वळवून वर ठेवलेल्या.

ती घडी आमच्या गल्लीत कोणाला येत नाही. तेव्हाही येत नव्हती.

"तयार होती गा," काका म्हणाले. "पुन्हा उडी माराले."

आत काकूंनी भांडं वाजवलं, म्हणजे जेवायला बोलावलं. पोरं उठली. कोणी कोणाला ढकललं नाही. मी रिकामा डबा परत घेतला आणि गुलाबचा हात धरला. येताना आम्ही गोपिकाबाईंच्या घरावरून आलो. दार बंद होतं. आत दिवा नव्हता.

मी सकाळी लवकर उठते, शाळेच्या आधी पाणी भरायला. त्या वेळी गोपिकाबाई ते कापड दोरीवर टाकत असतात. मी रोज पाहते. आज थोडं थांबून पाहिलं. ते ओलं नव्हतं. ते ओलं असलेलं मी कधीच पाहिलेलं नाही. त्या दोन्ही तळव्यांनी ते वरून खाली दाबत होत्या, पुन्हा पुन्हा.

काल संध्याकाळी त्यांनी त्याचा बोळा करून नेला होता. आज त्यावर लांब लांब, उभ्या, सरळ घड्या होत्या.