गौरवला घरी आणताना

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यातला एक शब्दही पदरचा घातलेला नाही. गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. जागा लोणावळ्याजवळचं वलवण, माझं सासर. वेळ दिवेलागणीची.

आम्ही कामशेतच्या पुढच्या कान्हे गावातल्या शाळेतले जुने सवंगडी. दरवर्षी परदेशात भेटतो. हसू नका! लोणावळ्यात भेटलं की तासाभरात कुणाच्या तरी घरून फोन येतो आणि निम्मी मंडळी पळतात.

दोन वर्षांपूर्वी थायलंडला गेलो होतो. तिथल्या समुद्रात आमचा गौरव बुडाला.

देह आणला. अग्नी दिला. पण त्याची आई, शालूमावशी, एकच सांगत राहिली.

"तुमी त्याला हाक मारून आणलं न्हाई. माझं लेकरू तितंच पाण्यात बसलंय."

त्यांच्या घरची रीतच तशी. माणूस परक्या ठिकाणी वारला, तर तिथे जाऊन त्याला नावाने हाक मारायची. मग वाटेत कुणाच्याही उंबऱ्याला शिवायचं नाही. सरळ घर गाठायचं.

म्हणून यंदा आम्ही पुन्हा तिथेच गेलो. भर दुपारी किनाऱ्यावर उभं राहून मी हाक मारली, "गौरव, चल रे घरी."

काहीच झालं नाही. मला रडू आवरेना.

मुंबईला उतरलो. बाकीचे पुण्याच्या बसने गेले. मी आमच्यातल्या इब्राहिमच्या गाडीत, पुढे त्याच्या शेजारी. मागची सीट रिकामी.

घाट चढायला लागलो आणि...

टिंग... टिंग... टिंग...

मागे कुणी बेल्ट न लावता बसलं, की ही गाडी असा आवाज करते.

मी वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. सामान तर डिकीत होतं.

इब्राहिमने गाडी बाजूला घेतली. उतरून मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून लावला.

आवाज थांबला.

"अने, काही बोलू नकोस," तो डोळे पुसत म्हणाला.

खरं सांगते, भीती नाही वाटली. आमचा गौरव आला होता.

वलवणला फक्त बॅग द्यायला फाटकाबाहेर थांबलो. मी आत पाऊलही टाकलं नाही. पण सासूबाईच तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या. लांबून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा, मग घरात घ्यायचं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! मी "नको, नको" म्हणेपर्यंत ओवाळून झालंसुद्धा.

"ये आता घरात," त्या म्हणाल्या.

मी तशीच गाडीत बसले. कामशेत आलं. न राहवून मी हात मागे घालून तो बेल्ट काढला. दोघंही कान देऊन बसलो...

गाडी गप्प होती.

कान्ह्याला शालूमावशी दिवा घेऊन दारात उभी होती. आमच्या पाठीमागे बघत राहिली.

"आला व्हय गं?"

मी तिच्या हातातला दिवा घेतला आणि वलवणच्या फाटकाशी काय झालं ते सांगून टाकलं.

त्या दिवसापासून वलवणला आमच्या दारात दिवेलागणीला चपला आपटल्याचा आवाज येतो. शाळेत असल्यापासून गौरव असाच चिखल झटकायचा. दार उघडावं... तर कुणी नाही.

मी पुन्हा हाका मारल्या. इब्राहिम गाडी घेऊन आला, मागचं दार उघडून ताटकळत बसला. टिंग काही वाजलं नाही.

आता शालूमावशी दर रविवारी लोकलने येते. आमच्या ओसरीत दाराकडे कान लावून बसते. तिला काहीच ऐकू येत नाही. जिने जन्म दिला, तिलाच नाही.

"वाजलं का गं?"

"व्हय, मावशी."

मग ती दाराच्या चौकटीवरून हात फिरवते.

"ऱ्हाऊ दे त्याला हितंच. लय दमलं आसंल. पाण्यातनं सुटलं लेकरू, तेवढंच बास."

मी मान हलवते.

ती निघाली की मी लगबगीने पुढे होते आणि दाराबाहेरची ओली फरशी पुसून घेते. रोजच पुसावी लागते. एकदा ओलं बोट जिभेला लावून पाहिलं...

खारट.

मावशीला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.