झाला का फोटो?

या, असे जवळ सरकून बसा. देवासमोर हात जोडून सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गोष्ट माझ्या धाकट्या मामाची. आणि आता माझीही.

वार रविवार, दुपारचे चार. जागा, मामाची तिसऱ्या मजल्यावरची खोली.

मामानं तीस वर्षं वर्तमानपत्रासाठी लढायांचे फोटो काढले. आई टोमणा मारायची, "तोफेला भीत नाहीस, लग्नाला मात्र भितोस."

निवृत्तीनंतर तो एकटाच राहिला. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची असायची. तिच्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. मी एकदा गमतीनं विचारलं, कुणासाठी राखून ठेवलीय?

मामा हसला नाही.

मग त्यानं सांगितलं. तोफा चालू असलेल्या एका गावात, दुपारी चारच्या सुमारास, एक म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, माझा फोटो काढ आणि मुलाला पाठव, नऊ वर्षांत त्यानं माझं तोंड पाहिलं नाही. पत्त्याची चिठ्ठी दिली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ताठ बसली.

मामानं फोटो काढले. मग कळलं...

फिल्म नीट अडकली असेल, तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्यावरची छोटी चकती फिरते. ती जागची हललीच नव्हती. घाईत रोल भरला होता. एकही फोटो उमटला नव्हता.

मामाला न्यायला आलेली जीप सुरू झाली होती.

"झाला का, बाळा?"

"हो, झाला."

दुसऱ्या दिवशी मामा परत गेला. दारही नव्हतं, म्हातारीही नव्हती.

"तेव्हापासून रोज चारला या खुर्चीत येऊन बसते, तेच विचारते," मामा म्हणाला.

मला वाटलं, एकटेपणानं माणूस असं बोलतो.

गेल्या वर्षी मामा गेला. त्यानंतरच्या रविवारी मी त्याची खोली आवरत होतो. चार वाजले. नळाची टिपटिप थांबली. रस्त्यावरचा आवाज थांबला...

खुर्ची करकरली. कुणी बसल्यावर करकरते तशी.

"झाला का, बाळा?"

पळूनच गेलो असतो. पण त्या आवाजात राग नव्हता हो. वाट पाहून पाहून तो दमला होता.

मामाच्या कॅमेऱ्यात रोल भरला. चकती फिरतेय ना, दोनदा पाहिलं. रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

फोटो धुऊन आला. खुर्ची रिकामीच होती.

पण मागच्या भिंतीवर सावली आहे... डोक्यावरचा रुमाल सारखा करणाऱ्या हाताची.

मामाच्या बॅगेत ती चिठ्ठी सापडली. पाण्यानं शाई पसरलेली. पत्त्यातला एक शब्द लागत नाही.

दर रविवारी मी तिथे जातो. ती विचारते. 'झाला' म्हणायला जीभ रेटत नाही. मुलानं अजून पाहिलाय कुठे?

मी नुसता समोर बसून राहतो.

आज देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या माउलीचीही आठवण काढा. नाव मला ठाऊक नाही. मामानं विचारलंच नव्हतं.